क्विल्ट : गोधडीची अमेरिकेतली चुलतबहीण

अमेरिकेत नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींचा एक आलेख काढता येईल. पहिली दोन वर्षं नायगारा, ग्रँड कॅन्यन, लास व्हेगास. मग गाडी, मग पॉटलक, मग मराठी मंडळाचा गणपती. आणि साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी, सगळीकडचे फोटो काढून झाले, की माणूस हळूच एखादी जुनी गोष्ट परत हातात घेतो. कोणी भारतातून पेटी मागवतो, कोणी तबल्याचा क्लास लावतो, कोणी कुंडीतला कढीपत्ता बर्फातून जगवायच्या मागे लागतो. माझ्या बाबतीत ती गोष्ट निघाली सुई.

लहानपणी आजीच्या शेजारी बसून गोधडीला टाके घातले होते. मग दहावी, बारावी, सीईटी, इंजिनियरिंग, कॅम्पस... त्यात सुई कधी सुटली ते कळलंही नाही. इथे परत सुरू केलं ते इथल्या पद्धतीने, म्हणजे क्विल्टिंग. पण आमच्या जमातीला एखादी गोष्ट नुसती वापरून चैन पडत नाही. ती अशीच का आहे, आधी कशी होती, कोणी बदलली, हे खणत बसायची खोड असते. तसं खणत गेले आणि एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. क्विल्टिंगकडे 'परत' येणारी मी काही एकटी नाही. अमेरिकाच गेली सव्वाशे-दीडशे वर्षं क्विल्टिंगकडे परत परत येते आहे, आणि दर वेळी येताना एक नवीन दंतकथा घेऊन येते आहे! आजचा लेख त्याबद्दल.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्विल्ट म्हणजे तीन थरांचं सँडविच. वरचा थर नक्षीचा, बहुतेक वेळा रंगीत तुकडे जोडून केलेला. मधे कापूस किंवा लोकर, खाली अस्तर. हे तिन्ही थर एकत्र धरून ठेवायला आरपार घातलेला धावदोरा म्हणजे क्विल्टिंग. मग चारी कडांना पट्टी. आपली गोधडी याचीच बहीण, पण स्वभाव वेगळा. गोधडीत मधे कापूस भरलाच पाहिजे असं नाही. जुनी लुगडी, धोतरं, साड्या एकावर एक पसरायच्या, चुण्या काढायच्या आणि दाभणाने किंवा जाड सुईने टाके घालत सुटायचं. इथे आधी कागदावर डिझाइन, मग पाव इंचाची शिलाई, मग ब्लॉक, मग ब्लॉकच्या रांगा. म्हणजे इथला क्विल्ट वॉटरफॉल मॉडेल, तर आपली गोधडी पहिल्यापासून अजाइल :)

आता पहिली दंतकथा. इथल्या कुठल्याही छोट्या गावाच्या म्युझियममध्ये गेलात तर साधारण अशी गोष्ट ऐकायला मिळते. सतराव्या शतकात युरोपातून आलेली गरीब माणसं, कडाक्याची थंडी, कापडाचा तुटवडा. त्यामुळे बिचाऱ्या बायका चिंधी चिंधी साठवून क्विल्ट शिवायच्या. काटकसर, कष्ट, कुटुंब वगैरे वगैरे. ऐकायला छान वाटतं. अडचण एवढीच, की हे बहुतांशी खरं नाही.

त्या काळातली माणसं वारली की त्यांच्या मालमत्तेच्या याद्या व्हायच्या. घागरीपासून गायीपर्यंत सगळं किमतीसकट लिहिलेलं. इतिहासकारांनी या याद्या चाळल्या तेव्हा त्यात घोंगड्या-ब्लँकेटं भरपूर सापडली. क्विल्ट मात्र क्वचित, आणि तेसुद्धा पैसेवाल्यांच्या घरात, चांगली किंमत लावलेले. तुकड्यांचे तर फारच थोडे. बरेचसे एकाच अखंड कापडाचे, रेशमाचे किंवा चकाकी आणलेल्या लोकरीच्या कापडाचे. विचार केला तर साधं आहे. तुकडे उरायला आधी भरपूर कापड फाडायला लागतं! ज्या घरात वर्षाला एक-दोनच कपडे शिवले जातात तिथे उरणार काय? आणि जे उरेल ते मुलांच्या कपड्याला ठिगळ लावण्यात जाणार. चिंध्यांची चैन करायला आधी कापडाची सुबत्ता लागते. म्हणजे तुकड्यांचा क्विल्ट हा गरिबीचा नाही, स्वस्त कापडाचा पुरावा आहे.

मग हे स्वस्त कापड आलं कुठून? इथे गोष्ट थेट आपल्याकडे वळते.

इंग्रजीत छापील सुती कापडाला जे चिंट्झ म्हणतात, ती आपली छीट. कॅलिको हे नाव कालिकतवरून पडलेलं. आणि म्युझियममधल्या पाट्यांवर 'पॅलमपोर' असा एक भारदस्त शब्द असतो, तो म्हणजे चक्क आपला पलंगपोस! सतराव्या-अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणच्या आसपास, कारागीर हाताने रंगवलेले हे पलंगपोस युरोपसाठी बनवत. मधे मोठं झाड, त्याला नाना तऱ्हेची फुलं, कडेने वेलबुट्टी. धुतलं तरी रंग जात नाही, हे युरोपला नवलच होतं. त्यांच्याकडे सुतावर असा पक्का रंग कोणाला जमत नव्हता.

या कापडाने युरोपातल्या विणकरांची झोप उडवली. फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०१ पासून रंगीत-छापील भारतीय कापडाची देशात वापरासाठी होणारी आयात थांबवली. त्यानेही भागेना. १७१९ मध्ये लंडनचे विणकर रस्त्यावर उतरले आणि छिटाचे कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडू लागले. शेवटी १७२१ च्या कायद्याने असं कापड वापरायलाच बंदी झाली. मात्र बाहेर, म्हणजे वसाहतींना, विकायला मोकळीक होती. त्यामुळे अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत आपली छीट पोचत राहिली. पण महाग. म्हणून तिथल्या बायका छिटावरची फुलं, पक्षी, झाडं नेमकी कापून घेत आणि साध्या पांढऱ्या कापडावर अंतरा-अंतराने लावून शिवत. एका वाराच्या छिटात अख्खा पलंग सजला पाहिजे! जुन्या अमेरिकन क्विल्टांमधले उत्तमोत्तम नमुने या पद्धतीचे आहेत. म्हणजे ज्याला अस्सल अमेरिकन कला म्हणतात, तिच्या बाळपणी अंगावर आंध्रातलं कापड होतं.

पुढची गोष्ट मात्र तितकी गोड नाही. इंग्लंडने भारतीय कापड अडवलं आणि त्याची नक्कल यंत्रावर करायला सुरुवात केली. यंत्रांना कापूस हवा. १७९४ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि अमेरिकेच्या दक्षिणेत आखूड धाग्याचा कापूस एकदम फायद्याचा झाला. तो वेचायला माणसं हवीत. ती माणसं गुलाम होती. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत जवळजवळ ४० लाख गुलाम होते, आणि देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. इकडे उत्तरेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलसारख्या गावांत, १८२० च्या दशकापासून गिरण्या उभ्या राहिल्या. छापील सुती कापड सामान्य घराच्या आवाक्यात आलं. आणि मग, १८३०-४० नंतर, आपण ज्याला क्विल्ट म्हणून ओळखतो ते तुकड्यांचे, ब्लॉकचे, चांदण्यांचे क्विल्ट घरोघरी दिसू लागले.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडे नुसती बघत बसले. आजीच्या मायेची ऊब वगैरे आपण जे म्हणतो, त्या उबेचा पुरवठा कुठून होत होता ते डोळ्याआड करून चालत नाही.

१८६१ मध्ये याच गुलामगिरीवरून अमेरिकेत यादवी पेटली, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईत येऊन पोचला. दक्षिणेची बंदरं अडवल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि सगळ्या जगाची नजर सुरत-मुंबईच्या कापसाकडे वळली. भाव असे चढले की मुंबईत पैसा ठेवायला जागा पुरेना. मग बँका, कंपन्या, बॅकबे भरून जमीन काढायचे शेअर, प्रेमचंद रायचंदांचा दबदबा. हा सगळा मामला शाळेत कधीतरी ओझरता वाचलेला असतो. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला. राजाबाई टॉवर त्याच तेजीतल्या देणगीतून झालेला. आणि हे चालू असताना तिकडे उत्तरेतल्या बायका सैनिकांसाठी क्विल्ट शिवत होत्या. अभ्यासकांचा अंदाज अडीच लाखांच्या आसपासचा आहे. वापरून वापरून फाटले, सैनिकांबरोबर पुरले गेले. आज त्यातले मोजकेच उरलेत.

या काळातलं एक नाव मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. हॅरिएट पॉवर्स. जन्म १८३७, जॉर्जिया राज्यात, गुलामगिरीत. यादवीनंतर स्वतंत्र झाली. तिने बायबलमधल्या गोष्टी कापडाच्या आकृत्या कापून एका क्विल्टवर मांडल्या. १८८६ मध्ये अथेन्स नावाच्या गावातल्या (ग्रीसमधलं नव्हे, जॉर्जियातलं!) कापूस-जत्रेत तो मांडला होता. जेनी स्मिथ नावाच्या एका गोऱ्या चित्रकला शिक्षिकेने तो पाहिला आणि विकत मागितला. पॉवर्सने नकार दिला. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा ती स्वतःच क्विल्ट घेऊन आली. दहा डॉलर सांगितले. मिळाले पाच.

पण गोष्ट इथे संपत नाही. विकताना पॉवर्सने प्रत्येक चौकटीत काय आहे ते समजावून सांगितलं आणि जेनी स्मिथने ते लिहून ठेवलं. नंतर पॉवर्स आपला क्विल्ट बघायला तिच्याकडे पुन्हा पुन्हा येत असे. १९१० मध्ये ती वारली. आज तो क्विल्ट स्मिथसोनियनमध्ये आहे, दुसरा बोस्टनच्या म्युझियममध्ये. गुलामगिरीत जन्मलेल्या किती बायकांनी किती क्विल्ट शिवले असतील, मालकिणींसाठी आणि स्वतःसाठी. त्यातल्या बहुतेकींचं नाव कोणाला माहीत नाही. पॉवर्सचं आहे, कारण कोणीतरी वेळेवर लिहून ठेवलं.

ज्यांचं लिहून ठेवलं गेलं नाही त्यांच्याबद्दल मग दंतकथा तयार होतात. १९९९ मध्ये एक पुस्तक आलं. त्यात म्हटलं होतं, की पळून जाणाऱ्या गुलामांना मार्ग दाखवायला क्विल्टच्या नक्ष्यांमध्ये सांकेतिक खुणा असत. अमकी नक्षी म्हणजे सामान बांधा, तमकी म्हणजे आडवाटेने जा. गोष्ट इतकी सुंदर आहे की शाळाशाळांत शिकवली गेली. इतिहासकारांना मात्र तिला आधार देणारा त्या काळातला एकही पुरावा सापडलेला नाही, आणि त्यातल्या काही नक्ष्या तर नंतरच्या काळातल्या आहेत. मला यातलं वाईट हे वाटतं, की खोट्या गुप्त कोडच्या नादात पॉवर्ससारख्या बाईची खरी, नावगावासकट असलेली गोष्ट मागे पडते.

*

बरं, आता 'परत येण्या'कडे वळू.

गिरण्या आल्या, शिवणयंत्र आलं (सिंगरचं पेटंट १८५१ चं), दुकानात तयार ब्लँकेट मिळू लागलं. आता गोधडी कशाला शिवायची? पण गंमत अशी, की गरज संपली तिथेच हौस सुरू झाली. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात देशाच्या शंभरीचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यातल्या जपानी वस्तूंनी लोकांना वेड लावलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत 'क्रेझी क्विल्ट'ची लाट आली. रेशीम, मखमल, फिती यांचे वेडेवाकडे तुकडे आणि प्रत्येक जोडावर भरतकाम. थंडीत अंगावर घ्यायला याचा उपयोग जवळजवळ शून्य. दिवाणखान्यात मिरवायला उत्तम.

पण अशी नुसत्या हौसेची गोष्टही कोणाच्या हातात कधी काय होईल सांगता येत नाही. हवाईची राणी लिलिउओकलानी. १८९३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी तिला पदच्युत केलं, आणि १८९५ मध्ये तिच्या समर्थकांचा उठाव फसल्यावर तिला तिच्याच इओलानी राजवाड्यात कैदेत ठेवलं. जवळजवळ आठ महिने. त्या काळात राणी आणि तिच्या सोबतिणीने एक क्रेझी क्विल्ट शिवायला घेतला. त्यावर तारखा आहेत, नावं आहेत, हवाईचे झेंडे आहेत, कैदेची नोंद आहे. राज्य गेलं, पण नोंद राहिली. तो क्विल्ट आजही त्याच राजवाड्यात बघायला मिळतो.

विसावं शतक उजाडलं तशी अमेरिकेला 'पूर्वीचे साधे दिवस' आठवायला लागले. शहरं वाढत होती, परदेशातून लोंढे येत होते, आणि अशा वेळी सगळ्या समाजांना आपली आजी फार आठवते. १९१५ मध्ये मेरी वेब्स्टर यांचं क्विल्टच्या इतिहासावरचं पहिलं पुस्तक आलं. वर्तमानपत्रांत नक्ष्या छापून येऊ लागल्या. वर सांगितलेली गरीब बिचाऱ्या पूर्वजांची गोष्ट पक्की झाली ती या काळात. मग १९२९ ची मंदी आली आणि काटकसरीला खरोखरच अर्थ आला. पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या कंपन्या चक्क फुलाफुलांच्या छापील सुती पोत्यांत माल भरू लागल्या, कारण बायका पोतं बघून ब्रँड निवडत! धान्य संपलं की पोत्याचा फ्रॉक, फ्रॉक फाटला की क्विल्ट. आपल्याकडे आधी साडी, मग परकर, मग दुपटं, मग पायपुसणं व्हायचं, त्यातलाच प्रकार.

१९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स कंपनीने राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा जाहीर केली. पहिलं बक्षीस १००० डॉलर. मंदीच्या काळात ही रक्कम म्हणजे कित्येक घरांचं वर्षाचं उत्पन्न. २४ हजारांच्या वर क्विल्ट आले. पहिलं बक्षीस केंटकी राज्यातल्या एका बाईंना मिळालं आणि त्यांचा क्विल्ट पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट म्हणून गेला.

कित्येक वर्षांनी अभ्यासकांनी खोदून काढलं तेव्हा कळलं, की बक्षीस घेणाऱ्या बाईंनी त्यात एक टाकाही घातला नव्हता. त्यांचं दुकान होतं. क्विल्ट शिवला होता त्यांच्याकडे मजुरीवर काम करणाऱ्या बायकांनी. बक्षिसातला वाटा त्यांना मिळाला नाही, आणि काम जाईल या भीतीने त्या गप्प बसल्या. मंदीत काम मिळणं हेच बक्षीस होतं ना. तो क्विल्टही पुढे कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही.

दुसरं मोठं परत येणं १९७० च्या दशकातलं. १९७१ मध्ये जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ या जोडीने न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये क्विल्टचं प्रदर्शन भरवलं. पलंगावर नाही, पांढऱ्या भिंतींवर, मॉडर्न पेंटिंगसारखे टांगलेले. लोक थक्क झाले. जे रंग-आकार चित्रकार आत्ता आत्ता शोधत होते ते या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवले होते की! क्विल्टला 'कला' म्हणून मान मिळाला तो इथून. पण भिंतीवर पेंटिंग टांगलं की खाली चित्रकाराचं नाव असतं. इथे बहुतेकांच्या खाली नाव नव्हतं. त्या काळच्या स्त्रीवादी समीक्षकांनी नेमकं यावर बोट ठेवलं.

पुढे १९७६ मध्ये देशाची द्विशताब्दी, तेव्हा पुन्हा आजीची आठवण! त्यात १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीचं गोल पात्याचं रोटरी कटर आलं आणि काम दहापट सोपं झालं. आधी एकेक तुकडा पुठ्ठ्याच्या साच्याने आखून कात्रीने कापायचा. आता सहा थरांच्या पट्ट्या एका फटक्यात. मग पट्ट्या आधी जोडायच्या, नंतर आडव्या कापायच्या. म्हणजे लूपच्या आतलं काम लूपच्या बाहेर काढायचं. हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मला कोड ऑप्टिमाइझ केल्यासारखाच आनंद झाला होता.

आणि मग जीज बेंड. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं कृष्णवर्णीयांचं छोटंसं गाव. इथल्या कित्येकांचं आडनाव पेटवे. हे आडनाव त्यांच्या पूर्वजांच्या मालकाचं. १९६० च्या दशकात इथले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे कॅम्डेनला जाऊ लागले, तर १९६२ मध्ये पलीकडे नेणारी तर बंद झाली. ती परत सुरू झाली २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी! १९६६ मध्ये या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये त्यांना सिअर्सकडून (हो, तीच सिअर्स) कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. उरलेल्या कॉर्डरॉयचे त्यांनी घरासाठी क्विल्ट केले.

या गावातला एक क्विल्ट मला फार आवडतो. मिझूरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये, नवरा वारल्यावर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांचा शिवलेला. विटलेला निळा, मळकट पांढरा, गुडघ्यावर झिजलेलं कापड. नक्षी अशी काही नाही. मोठमोठे पट्टे. थंडीसाठी लागणारा होताच, पण तेवढ्यासाठी कोणी नवऱ्याचेच कपडे काढून बसत नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या लुगड्याची किंवा धोतराची गोधडी करून घरात ठेवतात, त्याला आपण काही नाव देत नाही. पण काम तेच.

२००२ मध्ये जीज बेंडचे क्विल्ट ह्यूस्टनमध्ये आणि नंतर त्याच व्हिटनी म्युझियममध्ये लागले. या वेळी प्रत्येकाखाली करणारीचं नाव होतं. २००६ मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. नाव आलं तशी पैशाची भांडणंही आली. २००७ मध्ये गावातल्या काही जणी विक्रीचे पैसे आणि नक्ष्यांचे हक्क यावरून कोर्टात गेल्या, २००८ मध्ये तडजोड झाली. मला यात वाईट काही वाटत नाही. जिला आपलं नाव आणि आपली किंमत कळली तीच कोर्टात जाते. हॅरिएट पॉवर्सला ती सोय नव्हती. तिच्याच त्या पाच डॉलरच्या क्विल्टची नक्कल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियनच्या परवानगीने चीनमध्ये बनवून स्वस्तात विकायला आली, तेव्हा अमेरिकेतल्या क्विल्टवाल्या बायका एवढ्या भडकल्या की संस्थेला धोरण बदलावं लागलं.

नावांचा विषय निघाला आहे तर एड्स क्विल्टबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८० च्या दशकात एड्सने माणसं मरत होती, आणि मेलेल्याचं नाव घ्यायलाही कित्येक घरं तयार नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स आणि त्याच्या मित्रांनी ठरवलं की प्रत्येकाच्या नावाचा एक तुकडा शिवायचा. माप तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीएवढं. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर तो पहिल्यांदा अंथरला तेव्हा १९२० तुकडे होते. आता ५० हजारांच्या आसपास आहेत आणि वजन ५४ टन. ज्यांना सुईत दोरा ओवायला येत नव्हता अशा लोकांनीही त्यात टाके घातले. सुंदर दिसण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. नाव पुसलं जाऊ नये, एवढंच काम होतं.

*

आजची परिस्थिती सांगायची तर क्विल्टिंग स्वस्त छंद नाही. चांगलं सुती कापड वाराला दहा-पंधरा डॉलर. डबलबेडच्या क्विल्टला नुसतं सामानच दीड-दोनशे डॉलरचं सहज होतं, आणि दुकानात तयार कम्फर्टर पन्नासात मिळतो. म्हणजे काटकसर हे कारण केव्हाच बाद. २०२५ मध्ये तर जोअॅन ही कापडाच्या दुकानांची मोठी साखळी पूर्ण बंद पडली आणि लहान गावांतल्या कित्येक बायकांची जवळची दुकानं गेली. तरी गावोगाव क्विल्टवाल्यांचे गिल्ड आहेत, महिन्यातून एकदा लायब्ररीत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमतात, काय केलं ते एकमेकींना दाखवतात.

मग आम्ही करतो कशाला? माझं उत्तर साधं आहे. ऑफिसात मी जे लिहिते ते दोन वर्षांत कोणीतरी पुसून नव्याने लिहितं, आणि ते बरोबरच आहे. पण आठवड्यातून चार तास तरी असं काहीतरी करावंसं वाटतं, जे माझ्यानंतर कोणाच्या तरी अंगावर असेल.

आमच्या गिल्डमध्ये मी पहिला क्विल्ट दाखवायला नेला तेव्हा एका सत्तरीच्या बाईंनी रंग, शिलाई काही न बघता आधी तो उलटा केला आणि विचारलं, "लेबल कुठाय?" इथे रिवाज आहे. अस्तराच्या एका कोपऱ्यात छोटा कापडी तुकडा शिवायचा. त्यावर कोणी केला, कोणासाठी, कुठे, कोणतं वर्ष. त्या बाई म्हणाल्या, नाव न घातलेला क्विल्ट पन्नास वर्षांनी नुसतं जुनं पांघरूण होतो. वर सांगितलेला सगळा इतिहास मी त्यानंतर वाचला, आणि तो वाचताना हे वाक्य सारखं आठवत राहिलं.

आता आपल्याकडे बघा. गोधडी, वाकळ, दुपटं... कोकणापासून वऱ्हाडापर्यंत घराघरात आहे. उत्तर कन्नडच्या जंगलात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम, त्यांतले पळून गेलेल्यांचे बरेचसे वंशज. त्यांच्या बायका कवंडी शिवतात. कडेपासून सुरू करून गोल गोल आत यायचं, चार कोपऱ्यांना त्रिकोणी फुलं लावायची. ती लावली नाहीत तर कवंडी उघडी वाटते म्हणे. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये या कवंड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. आपल्यापैकी किती जणांनी गोव्याहून हाकेच्या अंतरावरची ही गोष्ट ऐकली आहे? शहरात आता गोधड्या ऑनलाइनही मिळतात, चांगल्या मिळतात. पण त्या शिवणारीचं नाव त्यावर असतंच असं नाही. आणि घरातल्या गोधड्यांवर तर कधीच नसतं. 'आजीची गोधडी' म्हटलं की झालं. पण कुठली आजी? आईची आई की वडिलांची? तिचं माहेरचं नाव काय होतं? त्यातलं ते जांभळं इरकली लुगडं कोणाचं?

आमच्या घरची गोधडी माझ्या आजीने नाही, तिच्या नणंदेने शिवलेली आहे, हे मला गेल्या दिवाळीत आईला फोनवर विचारलं तेव्हा कळलं. लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आलेली बाई. तिच्या नावाचा सातबारा नाही, लग्नपत्रिका उरलेली नाही, फोटो एकच, तोही ग्रुप फोटोत मागच्या रांगेत अर्धा चेहरा. गोधडी मात्र साडेसहा फूट बाय पाच फूट आहे. आईकडून नाव, गाव आणि साधारण साल विचारून घेतलं. पुढच्या वेळी घरी जाईन तेव्हा कोपऱ्यात लेबल शिवणार आहे.

तुमच्याही घरी, माळ्यावर किंवा दिवाणात, एखादी असेलच. ज्यांना विचारता येईल अशी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. कापडाचा एक तुकडा, सुई आणि दोरा, अर्ध्या तासाचं काम आहे. शिवता येत नसेल तर मार्करने लिहा, धुतल्यावर न जाणारा घ्या म्हणजे झालं.